‘सव्वादहा’ची व्युत्पत्ती

प्रत्येक शब्दाच्या मागं एका समाजाचा इतिहास उभा असतो, असं भाषेचे जाणकार सांगतात. ‘सव्वादहा’ या शब्दाच्या मागं कऱ्हाडच्या एसटी स्टँडवरचा तीन नंबरचा फलाट उभा आहे आणि फलाटावर दोन्ही हातांत डब्याच्या पिशव्या घेतलेला जालिंदर कणसे.

“हणम्या, येतूस का मी जाऊ?”

दहाला पाच कमी असताना जालिंदर खोलीच्या उंबऱ्यात चपला घालत रोज हे विचारायचा. मी आरशासमोर भांग पाडत असायचो.

“तू हो फुडं. मला कालची टिपणं उतरवायची हाईत.”

“रोजच उतरवतूस,” तो म्हणायचा आणि जायचा. त्यात टोमणा नव्हता. ती टिपणं संध्याकाळी तोच वाचायचा आणि ती माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळायची.

साल शहाऐंशी. आम्ही दोघं एकाच गावचे, करंजवड्याचे, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. सोमवार पेठेत दहा बाय आठची खोली घेऊन राहत होतो. खानावळ परवडत नव्हती, पण त्याचं दुःख करायचं कारण नव्हतं, कारण ती आमच्या तालुक्यातल्या कुठल्याच पोराला परवडत नव्हती. सगळ्यांची जेवणं एसटीनं यायची. गावात सकाळी आया डबे घेऊन फाट्यावर उभ्या राहायच्या. कंडक्टर एकेक पिशवी आत घ्यायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या बॉनेटवर रचायचा. इंजिनाच्या उष्णतेनं कालवण शहरात पोचेपर्यंत गरम राहायचं. पिशव्यांवर दोऱ्यानं नावं शिवलेली असायची. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती म्हणून तिनं माझ्या पिशवीला लाल बटण लावलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत जायचे आणि सांगायचं काही असेल तर चिठ्ठी त्या रिकाम्या डब्यात घालायची. ‘चटणी संपली.’ ‘भाकरी तीन पुरे.’ ‘चाचणीत पास.’ पोस्टाला तीन दिवस लागायचे. डबा त्याच दिवशी पोचायचा.

आमच्या गावची गाडी कऱ्हाडला सव्वादहाला यायची.

कॉलेजचा पहिला तास दहा वीसला, अर्थशास्त्राचा. स्टँडवरून खोली, खोलीवर डबे ठेवून कॉलेज, म्हणजे स्टँडवर जाणाऱ्याचा पहिला तास गेलाच. तेव्हा जून महिन्यातच आमच्यात ठरलं. डबे जालिंदरनं आणायचे. मी तासाला बसायचं, टिपणं काढायची आणि त्याच्या नंबराला ‘यस सर’ म्हणायचं. माझा नंबर एकतीस, त्याचा सत्तेचाळीस.

“आवाज बदलून म्हण,” तो म्हणाला होता. “एकतीसला जरा वर लाव, सत्तेचाळीसला खाली.”

“देशिंगकर सर मान वर करून बघतच न्हाईत.”

“तरीबी. माझा बाप काय म्हणलाय ठावं हाय न्हवं?”

ते सगळ्या गावाला माहीत होतं. जालिंदरचा बाप चावडीसमोर सगळ्यांदेखत म्हणाला होता, “एक वरीस. पास निघालास तर फुडं बघू, न्हाई निघालास तर चुलत्याच्या गिरणीवर बसायचं.” चुलत्याची पिठाची गिरणी होती. चुलत्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या आणि तो चाळिशीचाही नव्हता. जालिंदरला बँकेत कॅशियर व्हायचं होतं. आमच्या बाजारगावच्या बँकेतला कॅशियर जाळीच्या आत बसायचा आणि त्याच्या डोक्यावर त्याचा एकट्याचा पंखा होता. तो पंखा जालिंदरनं पाचवीत असताना पाहिला होता.

मी स्टँडवर का जात नव्हतो, हे त्यानं कधी विचारलं नाही. ते आता सांगायला हरकत नाही.

कॉलेजच्या फाटकाशी एक कट्टा होता. दहा ते दहा वीस तिथं शिरीष डांगे बसायचा. त्याच्या वडिलांचं चावडी चौकात कापडाचं दुकान होतं आणि त्याच्याकडं लूना होती. त्याच्याभोवती चारपाच जण. मी त्यांच्यात पहिल्या आठवड्यातच शिरलो. कुठं राहतोस, असं शिरीषनं विचारलं. मी सोमवार पेठ सांगितलं. कधीपासून, हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नाव विचारलं तेव्हा मी हेमंत म्हणालो. हणमंताचा हेमंत करायला फार काही लागत नाही, शेपटी तेवढी काढावी लागते. अशा माणसानं लाल बटणाची पिशवी घेऊन बाजारपेठेतून चालणं बरं दिसलं नसतं.

ऑगस्टमधली गोष्ट. कट्ट्यावर बसलो होतो. शिरीष म्हणाला, “हेमंत, तो काळा, उंच, तुझ्या खोलीवर राहतो तो, तुझा कोण रे?”

“कोण, जालिंदर? कोण नाही. घरमालकानं ठेवलाय. भाडं निम्मं होतं.”

“काल स्टँडवर दिसला. आईला सातारच्या गाडीत बसवायला गेलो होतो. फलाटावर असा उभा होता, की राष्ट्रपती येणार आहेत!”

“डब्याची गाडी असते त्याची,” मी म्हणालो.

“आजपण तिथंच असेल मग?”

“असणारच,” मी म्हणालो. “तो सव्वादहा आहे.”

हे मी का म्हणालो ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आधी शिरीष हसला. मग सगळेच हसले. एक जण लूनाच्या सीटवरून खाली आला. शिरीषनं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, “हेम्या, साल्या, तू भारी आहेस.” त्या गावात माझ्या बोलण्यावर कुणी हसण्याची ती पहिली वेळ होती.

आठ दिवसांत तो शब्द कट्ट्यावर रुळला. पंधरा दिवसांत वर्गात आला. सुरुवातीला तो फक्त जालिंदरला लागू होता. मग डबा आणणाऱ्या सगळ्या पोरांना लागू झाला, त्यांच्या गाड्या आठला येवोत की बाराला. मग पायजमा घालणाऱ्यांना, मग डोक्याला तेल लावणाऱ्यांना, मग ज्यांना ‘ण’ म्हणता येत नाही त्यांना. गणपतीपर्यंत त्याचं विशेषणही झालं होतं. “शर्ट सव्वादहा आहे रे तुझा.” “काय सव्वादहासारखं खातोस?” चहावाला पोरांना ग्लास देताना विचारायचा, “कटिंग का सव्वादहा?” सव्वादहा म्हणजे मोठा ग्लास, साखर जास्त. पुढं तर खुद्द डबेवाल्या पोरांनीही तो शब्द उचलला. दहा किलोमीटरवरून येणारा पंचवीस किलोमीटरवरच्याला सव्वादहा म्हणायला लागला आणि पंचवीसवाला डोंगरातल्याला. डोंगरातल्यानं कुणाला म्हणायचं, हा प्रश्न होता. त्याच्या पलीकडं कोयनेचं पाणी होतं.

जालिंदरला तो शब्द सप्टेंबरमध्ये कळला.

“हणम्या,” तो डब्याचं झाकण उघडत म्हणाला, “पोरं मला सव्वादहा म्हणत्यात.”

“म्हणूं देत.”

“गाडीवरनं म्हणत्यात व्हय?”

“असंल.”

तो थोडा वेळ भाकरी मोडत बसला. “कुणी काढलं रं हे?”

“काय ठावं. पोरं कायबी काढत्यात.”

“मजा हाय,” तो म्हणाला. “बापानं बारशाला नाव ठेवलं, एसटीनं दुसरं ठेवलं.” आणि हसला. त्या दिवशी त्याच्या डब्यात मुळ्याची भाजी होती, ती मला आवडत नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं आपलं पिठलं माझ्याकडं सरकवलं आणि माझ्या डब्यातली मुळ्याची भाजी... नाही, मुळा माझ्या डब्यात होता. पिठलं त्याच्या. एवढं आठवतं की ती अदलाबदल झाली.

दिवाळीपर्यंत मी त्याची हजेरी लावली. एकही दिवस चुकवला नाही. पहिलं सत्र मंजूर झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सांगितल्यावर ते कुणी विचारणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिसऱ्या दिवशी देशिंगकर सरांनी कॅटलॉग उघडला. ते खाली बघत एका सुरात नंबर घ्यायचे. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मी हनुवटी छातीला लावून खालच्या आवाजात म्हणालो, “यस सर.”

शिरीष पुढच्या बाकावर होता. त्यानं मागं वळून बघितलं. “सव्वादहाचा आवाज कुठून आला रे?”

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस म्हणताच, मी तोंड उघडायच्या आत, मागचे दोन बाक एकदम ओरडले, “सव्वादहा!”

देशिंगकर सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “सव्वादहा कसे? दहा पंचवीस झालेत.”

वर्ग तीन मिनिटं हसत होता. सरही नंतर हसले. आपण विनोद केला, असा त्यांचा समज झाला.

तास सुटल्यावर शिरीषनं मला जिन्यात गाठलं. “हेम्या, सत्तेचाळीसला यस सर तू म्हणतोस?”

“मी?”

“आवाज तुझ्या बाकावरून आला.”

“मी कशाला म्हणू? माझा काय संबंध त्याच्याशी?”

“मीपण तेच म्हणालो यांना,” शिरीष म्हणाला. “हेम्या कशाला सव्वादहाची हजेरी लावेल!”

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सत्तेचाळीस आला की मी सरांच्या बोटांना लागलेल्या खडूकडं बघायचो. एक क्षण शांतता व्हायची. मग सर अठ्ठेचाळीस म्हणायचे. एवढंच. त्याला काही लागत नव्हतं. एखादी गोष्ट करायची म्हटलं की हिंमत लागते, न करायला काही लागत नाही.

संध्याकाळी जालिंदर विचारायचा, “लागली का?”

“लागली.”

“वळखलं न्हाई न्हवं कुणी?”

“न्हाई.”

तो दिवसातून एकदा विचारायचा आणि मी दिवसातून एकदा सांगायचो. दारं लावलीस का, पाणी भरलंस का, तसं. पन्नासेक वेळा मी ‘लागली’ म्हणालो असेन. पहिल्या दोनतीन वेळा जीभ जड झाली होती. पुढं तेही राहिलं नाही.

जानेवारीत त्याची एक सवय बदलली. तो सव्वानऊलाच बाहेर पडायला लागला. ग्रंथालयात पेपर वाचतो आणि तिथनंच स्टँडवर जातो, असं म्हणाला. त्यामुळं उंबऱ्यातलं ते रोजचं ‘येतूस का मी जाऊ’ बंद झालं. मला बरं वाटलं. आरसा आता निवांत मिळत होता.

त्या काळात तो अभ्यास फार करायचा. मागणी-पुरवठ्याच्या व्याख्या त्याला तोंडपाठ होत्या. कधी जेवताना मधेच म्हणायचा, “हणम्या, आपल्या गावात कोथिंबिरीची मागणी लवचिक हाय बघ. मिठाची न्हाई.” मी हूं म्हणायचो. कट्ट्यावर मागणी-पुरवठ्याचं कुणी काही बोलत नसे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्डवर यादी लागली. ‘खालील विद्यार्थ्यांची हजेरी अपुरी असल्यामुळे त्यांचे दुसरे सत्र मंजूर करण्यात आलेले नाही. त्यांना वार्षिक परीक्षेस बसता येणार नाही.’ सात नावं होती. पाचवं कणसे जालिंदर बाबुराव.

जालिंदरनं यादी दोनदा वाचली आणि हसला. “चुकून लागलंय. चल.”

“कुठं?”

“सरांकडं. तू चल संगं. तुला ठावंच हाय की.”

स्टाफरूममध्ये देशिंगकर सर एकटेच होते. टेबलावर पेपरवेट, टाचण्यांची डबी आणि शाईचा पॅड. मी टाचण्यांची डबी बघत उभा राहिलो. आत एक गुलाबी मेणासारखा स्पंज होता. टाचण्या त्याच्यात नव्हत्या, नुसत्या पसरलेल्या होत्या.

“सर, यादीत माझं नाव आलंय,” जालिंदर म्हणाला. “चूक झालीय काहीतरी.”

“नंबर?”

“सत्तेचाळीस.”

सरांनी कॅटलॉग ओढला. “चूक नाही. अठ्ठावन्न तासांपैकी चार.”

“न्हाई सर. मी हजर हुतो.”

“हजर होतास?”

“रोज, सर.”

त्यानं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की सर त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कॅटलॉग फिरवून त्याच्यापुढं केला. “हे वाच. दिवाळीनंतर तीन दिवस हजर, जानेवारीत एक दिवस, तो बहुधा माझ्या हातून चुकून पडलाय. बाकी सगळी फुली. तोंडावर खोटं बोलतोस?”

जालिंदर वाकला. त्यानं बोट ठेवून सत्तेचाळीसची ओळ वाचली, डावीकडून उजवीकडं, मग पान उलटून पुन्हा. फुल्यांना त्यानं बोट लावलं. मग तो सरळ झाला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. माझी नजर टाचण्यांवर होती, पण बघतोय हे कळलं.

“दहा वीसला कुठं असतोस तू?” सरांनी विचारलं.

“स्टँडवर, सर. डब्याला.”

“रोज?”

“रोज.”

“एक डबा आणायला रोज तास बुडवायचा?”

“दोन असत्यात, सर.”

“दुसरा कुणाचा?”

खोलीत पंखा होता, तो फिरत होता. कुठलंतरी पान फडफडत होतं. मी वाट बघितली.

“हाय एक, गावाकडचा,” जालिंदर म्हणाला.

“मग त्याला आणू दे की कधीतरी!” सर म्हणाले. “तू काय त्याचा गडी आहेस?” मग ते माझ्याकडं वळले. “तुम्ही कोण?”

“एकतीस, सर.”

“तुमचं काय काम?”

“काही नाही सर. यांच्याबरोबर आलो.”

“तुम्हाला यात काही सांगायचंय?”

आता लोक म्हणतात की अशा वेळी काळीज धडधडतं, घसा कोरडा पडतो. माझं तसं काही झालं नाही. उलट मला फार स्वच्छ ऐकू येत होतं. बाहेर व्हरांड्यापलीकडं शिरीषची लूना सुरू होत होती. तिसऱ्या पायडलला झाली.

“नाही सर,” मी म्हणालो.

“मग या तुम्ही.” सरांनी कॅटलॉग मिटला. “पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घे, कणसे. आणि तो सव्वादहापणा सोड जरा. माणसात ये.”

शब्द तोवर प्राध्यापकांच्या खोलीतही पोचला होता.

व्हरांड्याच्या टोकाला माठ होता. जालिंदर तिथं थांबला, पाणी प्यायला, फुलपात्र पालथं घातलं.

“कधीपास्नं?” त्यानं विचारलं.

“दिवाळीपास्नं.”

“हूं.”

“पोरं वळखायला लागली हुती,” मी म्हणालो. “माझंबी नाव गेलं असतं.”

“सांगायचंस की मग. आलो असतो तासाला.”

“आन डबं?”

तो पुढं चालायला लागला. मला ते उत्तर बिनतोड वाटलं. गाडी सव्वादहाची, तास दहा वीसचा, स्टँड कॉलेजपासून पंधरावीस मिनिटं. तो आला असता तर डबे राहिले असते. तेव्हा दोष असला तर वेळापत्रकाचा होता, असं मी खोलीवर जाईपर्यंत स्वतःला समजावून सांगितलं आणि ते पटलंही.

संध्याकाळी त्यानं दोन्ही डबे घासले. माझाही. वहीचं पान फाडून त्यानं चिठ्ठी लिहिली. मी कॉटवर पडून बघत होतो. एकाच ओळीची होती. बापाला वाचता येत नव्हतं, चिठ्ठी चुलता वाचायचा, गिरणीवर. त्यानं ती घडी करून आपल्या डब्यात घातली, झाकण लावलं आणि साडेपाचच्या गाडीला पिशव्या देऊन आला. माझ्याशी तो नेहमीसारखाच बोलला. साबण संपलाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणं सव्वानऊला गेला. अकराला परत आला तेव्हा मी मुद्दाम खोलीवरच होतो. कट्ट्यावर गेलो नव्हतो. त्याच्या हातात एकच पिशवी होती, लाल बटणाची. ती त्यानं माझ्यापुढं ठेवली.

“तुझा?” मी विचारलं.

“न्हाई आला.” तो पेटी ओढून कपडे भरायला लागला. “म्हंजी चिठ्ठी पोचली.”

“आज जेवून तरी जा. माझ्यातलं खा.”

“नगं. साडेबाराची गाडी हाय.”

“फुडच्या वर्षी येशील की. सर म्हणलेत.”

“बघू.”

त्यानं अर्थशास्त्राची वही पेटीत ठेवली, पुन्हा काढली आणि माझ्या कॉटवर टाकली. “तुझी टिपणं हाईत ह्यात. लवचिकतेचं तुझं उदाहरण चुकलंय. मी बाजूला लिवलंय.” मग उंबऱ्यात चपला घातल्या. मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, “गाडीला डबा घ्याया आता तुलाच जावं लागंल. तीन नंबर फलाट.”

मी त्याला पोचवायला गेलो नाही. साडेबारा म्हणजे बाजारपेठेत गर्दीची वेळ.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला जायलाच लागलं. पहिला तास बुडवला, मागच्या गल्लीनं गेलो, शर्ट पँटीत न खोचता. स्टँडवर पोचलो तेव्हा कंट्रोलरच्या खिडकीवरच्या मोठ्या घड्याळात बरोबर सव्वादहा झाले होते. तीन नंबरच्या फलाटावर गाडी नव्हती. एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली होती. मी दहा मिनिटं उभा राहिलो. कोण बघतंय का ते बघत होतो. कुणी बघत नव्हतं. मग खिडकीशी गेलो.

“करंजवड्याची गाडी उशिरा आहे का?”

कंट्रोलरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. “ती कवाच येऊन गेली.”

“सव्वादहाची?”

“नऊ चाळीसची. एक जानेवारीपासनं बदललीय वेळ. दोन महिने झालं की.” त्यानं खिडकीखालून पिशवी काढली. लाल बटण दिसलं. “ही तुमची? कुणी न्यायला आलं न्हाई म्हणून ड्रायव्हरनं हितं ठिवली. तो उंच पोरगा कुठं गेला? कणसे?”

“गावाला.”

“सुट्टीवर?”

“हां.”

“चांगला पोरगा,” कंट्रोलर म्हणाला. “नऊ चाळीसला डबं घ्यायचा आन त्या बाकावर बसायचा वही घेऊन, पार अकरापतोर. मी म्हणलो एकदा, लेका, कॉलेज दहा वीसचं, हितनं पंधरा मिनिटांची वाट, आरामात पोचशील, मग बसतूस कशाला? तर म्हणला, आत्ता फाटकाव पोरं बसलेली असत्यात. नावं ठिवत्यात. अकराला कुणी नसतं. मी म्हणलो, आन हजेरी?”

मी पिशवी हातात घेतली. ती अजून कोमट होती.

“तर म्हणला, हजेरीचं काय न्हाई, दोस्त लावतोय.”

त्यानं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसाला पाटणची गाडी सांगितली. मी बाजूला झालो. खिडकीच्या डाव्या हाताला वेळापत्रकाचा काळा बोर्ड होता. मी तो वरून खालपर्यंत वाचला. तीन नंबर फलाट, करंजवडे, नऊ चाळीस. त्याखाली चिपळूण, दहा पन्नास. मधल्या वेळात त्या फलाटावर कुठलीच गाडी लागत नव्हती.